सांता मोनिकाचा मठ आणि उमेदवारीचें वर्ष

'मठ' हा शब्द उच्चारतांच आष्टी, पाटोदा, बीड या बाजूच्या माणसाच्या डोळ्यांपुढें एक ठरलेलें चित्र उभें राहतें. एखाद्या सत्पुरुषाची समाधि, तिच्याभोंवतीं ओवऱ्या, गादीवर बसलेले महंत आणि पुण्यतिथीस जमलेला मेळा. या चित्रांत स्त्रिया असतात, परंतु त्या दर्शनास आलेल्या असतात. मठांत राहून, शिक्षण घेऊन, व्रत स्वीकारून मठाचा कारभार स्वतः चालविणाऱ्या स्त्रिया त्यांत बहुधा दिसत नाहींत. असा केवळ स्त्रियांचा एक मठ चारशें वर्षांपूर्वीं आपल्या शेजारच्या गोव्यांत स्थापन झाला आणि त्याची वास्तु अद्याप उभी आहे. जुन्या गोव्यांतील सांता मोनिकाचा मठ तो हा. त्या मठांत येणाऱ्या मुलीला मठवासिनी कशी घडवीत, तिला त्या घडणींत कितपत स्वातंत्र्य होतें आणि शेवटीं त्या मठाचें काय झालें, हा इतिहास मनन करण्यासारखा आहे.

स्त्रीनें संसार सोडून धर्मजीवन पत्करावें ही कल्पना महाराष्ट्राला परकी नव्हे. कान्हेरी व कुडें येथील लेण्यांतील शिलालेखांत बौद्ध भिक्षुणींनीं दिलेल्या दानांची नोंद आहे. तेराव्या शतकांत श्रीचक्रधरांनीं आपल्या पंथांत स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, आणि महदाइसेसारखी विदुषी त्या पंथांत नांवारूपास आली. समर्थ रामदासांनीं बालविधवा वेणाबाईस शिष्या करून मिरजेचा मठ तिच्या हातीं सोंपविला. परंतु हीं उदाहरणें गुरूच्या कृपेचीं आहेत. गुरूनें एखाद्या स्त्रीची योग्यता पाहिली आणि तिला मार्ग दाखविला. गोव्यांतील मठाचें वेगळेपण असें कीं, तेथें मुलीच्या घडणीचे नियम लेखी होते, त्यांना मुदत होती, आणि ते गुरुमाता बदलली तरी बदलत नव्हते.

हा मठ स्थापन करणारे डोम आलैशो द मेनेझिस हे १५९५ पासून गोव्याचे आर्चबिशप होते. ते स्वतः संत ऑगस्टिनच्या संघांतील संन्यासी. त्यांच्या पुढाकारानें १६०६ सालीं जुन्या गोव्यांतील 'मोंते सांतो' म्हणजे पवित्र टेकडीवर या मठाचा पाया घातला गेला. इमारत पुरी होण्यास १६२७ साल उजाडलें. मध्यभागीं चौक, त्याच्या चारी बाजूंनीं तीन मजली इमारत, जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि त्या भिंतींना बाहेरून दिलेले प्रचंड धिरे, असें त्या वास्तूचें स्वरूप आहे. रस्त्यापलीकडे संत ऑगस्टिनच्या चर्चचा भग्न मनोरा दिसतो. मठाला नांव दिलें तें सांता मोनिका हिचें. ही ऑगस्टिनची आई. भरकटलेल्या मुलासाठीं वर्षानुवर्षें अश्रु ढाळून प्रार्थना करणारी म्हणून ख्रिस्ती जगांत ती प्रसिद्ध आहे. आई व पत्नी असलेल्या स्त्रीचें नांव संन्यासिनींच्या घराला मिळालें, यांत एक औचित्य होतें. कारण पहिल्या मठवासिनींत कुमारिकांच्या बरोबर विधवाहि होत्या. फिलिपा दा त्रिंदादे ही या मठाची पहिली मठाधिपति. पूर्वेकडील देशांत स्त्रियांचा असा बंदिस्त मठ हा पहिलाच, असें मानलें जातें. पुढें त्यास राजमठाचा दर्जा मिळाला आणि मठवासिनींची संख्या शंभरांवर जाऊं नये असा निर्बंध घातला गेला.

या मुली तेथें कां येत? कांहींना ईश्वरसेवेची ओढ खरोखरच होती, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु दुसरीहि कारणें होतीं. पोर्तुगीज सत्तेच्या त्या राजधानींत युद्धें, समुद्रप्रवास आणि तापाच्या सांथी यांमुळें पुरुष पटापट मरत. मागें विधवा व पोरक्या मुली राहत. घरंदाज मुलीच्या लग्नाला भारी हुंडा लागे. मठांत प्रवेश करणाऱ्या मुलीनेंहि मठाला हुंडा द्यावयाचा असे. पण कॅथॉलिक देशांत सर्वत्र तो लग्नाच्या हुंड्याहून कमी पडे. तीन मुलींच्या बापानें एकीचें लग्न करावें आणि उरलेल्या दोघींना मठांत धाडावें, हा हिशेब युरोपांतील बड्या घराण्यांत राजरोस चाले. ज्या मुलीच्या जन्माचा हा प्रश्न, तिचें मत मात्र या हिशेबांत धरलेलें नसे.

हा दोष ख्रिस्ती धर्मसभेच्या धुरीणांना दिसला नव्हता असें नाहीं. उत्तर इटलींतील ट्रेंट या गांवीं भरलेल्या धर्मपरिषदेनें आपल्या अखेरच्या बैठकींत, डिसेंबर १५६३ मध्यें, मठांविषयीं जे नियम केले त्यांत या प्रश्नाचा विस्तारानें विचार केलेला आहे. सोळा वर्षें पूर्ण होण्याच्या आधीं कोणीहि अखेरचें व्रत घेऊं नये. मठाचा वेष घेतल्यापासून व्रत घेईपर्यंत निदान एक पूर्ण वर्ष उमेदवारीचें गेलें पाहिजे. वेष घेण्यापूर्वीं एकदां आणि व्रत घेण्यापूर्वीं पुन्हा एकदां, बिशपनें किंवा त्यानें नेमलेल्या माणसानें मुलीची बारकाईनें चौकशी करावी: तिच्यावर कोणीं सक्ति केली आहे काय, तिला कोणीं भुलविलें आहे काय, आपण काय करीत आहों हें तिला कळतें काय. व्रताचा दिवस मठाधिपतीनें बिशपला एक महिना आधीं कळविलाच पाहिजे.

याहून मार्मिक नियम पैशासंबंधीं आहे. उमेदवारीच्या वर्षांत मुलीच्या अन्नवस्त्राच्या खर्चापलीकडे तिच्या मालमत्तेंतील कांहींहि मठानें घेऊं नये, असें परिषदेनें ठरविलें. त्याचें कारणहि तेथेंच दिलें आहे. मालमत्ता मठाच्या हातीं गेली म्हणजे मुलीला परत जावेंसें वाटलें तरी जातां येत नाहीं. म्हणून मुलगी परत निघाली तर तिचें सर्व कांहीं तिला परत करावें. आणि शेवटीं, मुलीला बळजबरीनें मठांत ढकलणारा आणि योग्य कारणावांचून तिला मठांत जाण्यापासून अडविणारा, अशा दोघांवरहि परिषदेनें बहिष्काराचा शाप उच्चारला. ज्या काळांत लग्नाच्या बाबतींत मुलीला विचारण्याची पद्धत क्वचितच कोठें होती, त्या काळांत मुलीला दोन वेळां विचारा असें सांगणारा हा नियम होता.

अशा रीतीनें आलेल्या मुलीला 'नोव्हिस' म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'नवखी' असा आहे. आपण तिला नवशिष्या म्हणूं. तिच्या शिक्षणासाठीं एक अनुभवी मठवासिनी नेमलेली असे. तिला गुरुमाता म्हणावयास हरकत नाहीं. या शिक्षणाचा पाया म्हणजे संत ऑगस्टिनचा नियम. हा नियम लहान आहे, आणि त्यांत उपासतापासाच्या वर्णनापेक्षां एकत्र राहण्याच्या रीतीलाच अधिक जागा आहे. कोणाचेंहि स्वतःचें असें कांहीं नसावें. ज्याला जेवढी गरज तेवढें त्याला मिळावें. श्रीमंत घरांतून आलेल्यानें आपण मठाला धन दिलें याचा गर्व करूं नये. गरीब घरांतून आलेल्यानें आपण थोरांच्या पंक्तीला बसलों याचा तोरा मिरवूं नये. आजाऱ्याला चांगलें अन्न द्यावें आणि निरोग्यानें त्याचा हेवा करूं नये. भांडण झालें तर तें लवकर मिटवावें आणि ज्याचें चुकलें त्यानें क्षमा मागावी. जेवतांना धर्मग्रंथाचें वाचन चालू असावें, म्हणजे पोटाबरोबर मनालाहि अन्न मिळेल.

दिवसाची वाटणी प्रार्थनेच्या वेळांनीं होई. कॅथॉलिक मठांत रात्रीची एक आणि दिवसभरांतील सात अशा प्रार्थना ठरलेल्या असत, आणि त्या लॅटिन भाषेंतून गावयाच्या असत. म्हणजे नवशिष्येला वाचन, पाठांतर व गायन शिकावेंच लागे. ज्या काळीं बहुसंख्य स्त्रिया निरक्षर होत्या, त्या काळीं मठांतील मुलीच्या हातीं पोथी येई ती याच कारणानें. उरलेल्या वेळांत शिवणकाम, भरतकाम, रुग्णसेवा आणि मौन. वर्षाच्या अखेरीस ती तीन व्रतें घेई: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. त्यानंतर दार कायमचें बंद होई. मठाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं, आणि आप्तांशीं बोलावयाचें तें जाळीच्या आडून, हा त्या काळच्या अशा मठांचा दंडक होता.

आतां या नियमांप्रमाणें सारें घडलें काय, हा प्रश्न येतो. मठाच्या भिंतींच्या आंतहि बाहेरचा समाज शिरला होता. काळें शिरोवस्त्र धारण करणाऱ्या मठवासिनी वरच्या दर्जाच्या, आणि पांढरें शिरोवस्त्र धारण करणाऱ्या खालच्या. काळ्या शिरोवस्त्राचा मान बहुतांशीं पोर्तुगीज वंशाच्या मुलींकडे राहिला, आणि एतद्देशीय स्त्रियांच्या वाट्याला मुख्यतः सेवेचें काम आलें. गर्व करूं नये असें ज्या नियमाचें सांगणें, त्याच नियमाखालीं हें चालत होतें. शिवाय श्रीमंत मुलींचे व विधवांचे हुंडे मठांत जमूं लागले, त्यांतून जमिनी व घरें मठाच्या मालकीचीं झालीं, आणि गोवें शहराच्या नगरसभेनें पोर्तुगालच्या राजाकडे मठाविरुद्ध तक्रारी केल्या. शहरांतील पैसा मठांत जातो आणि लग्नाला मुली उरत नाहींत, असा त्यांचा सूर होता. या वादांत बाप बोलले, नगरसभा बोलली, धर्मगुरु बोलले. मुली काय म्हणत होत्या, तें त्यांच्या कोलाहलांत ऐकूं येत नाहीं.

तरीहि आंतलें जीवन निव्वळ ढोंगाचें होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. १६३६ सालीं मठांतील क्रूसावरच्या ख्रिस्तमूर्तीनें डोळे उघडले आणि तिच्या जखमांतून रक्त वाहिलें, असें तेथील मठवासिनींनीं सांगितलें. तेव्हांपासून शेजारच्या प्रार्थनामंदिरांतील त्या क्रूसाची कीर्ति पसरली. त्याच वर्षीं मठाला मोठी आग लागली, आणि इमारत पुन्हा उभारावी लागली. चमत्कारावर कोणाचा विश्वास बसो वा न बसो; जळालेल्या घरीं परत येऊन त्या स्त्रियांनीं तोच नित्यक्रम पुन्हा सुरू केला, ही गोष्ट त्यांच्या निष्ठेची साक्ष देण्यास पुरेशी आहे.

याच सुमारास गोव्यापासून दूर, वेरूळजवळच्या देवगांवीं १६२८ सालीं बहिणाबाईचा जन्म झाला. ती अवघी तीन वर्षांची असतां तिचें लग्न तीस वर्षांच्या बिजवराशीं लावून देण्यांत आलें. पुढें तुकोबांच्या अभंगांनीं तिचें मन वेधलें. एका शूद्र संताला गुरु मानणारी बायको तिच्या वैदिक पतीला सहन होईना; त्यानें तिला मारहाण केली. हें सर्व तिनें स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवलें आहे. तिला उमेदवारीचें वर्ष नव्हतें, गुरुमाता नव्हती, आणि 'बाई, तुझी इच्छा काय' असें विचारणारा बिशपहि नव्हता. तिनें आपला मार्ग संसारांत राहूनच, मार खाऊन, मिळविला, आणि अखेर पतीचेंहि मन पालटलें. उलट सांता मोनिकाच्या मुलीला नियमांचा आधार होता. पण तिच्या पित्याच्या हिशेबापुढें तो आधार किती टिकला असेल, हें प्रत्येकीच्या बाबतींत वेगळें असणार. एकीकडे नियमावांचून इच्छा, आणि दुसरीकडे इच्छा गृहीत धरलेला नियम. एकाच शतकांतील या दोन स्त्री-जीवनांकडे एकत्र पाहिलें म्हणजे दोन्हीकडील उणीव ध्यानांत येते.

मठाचा शेवट शत्रूच्या हल्ल्यानें झाला नाहीं. जुनें गोवें सांथींनीं ओस पडलें, राज्यकर्ते पणजीकडे निघून गेले, तरी मठवासिनी टेकडीवर राहिल्या. पुढें १८३४ सालीं पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारनें धार्मिक संघ बंद केले. पुरुषांचे मठ रिकामे करविले गेले. स्त्रियांना मात्र मरेपर्यंत आपल्या मठांत राहण्याची मुभा मिळाली. अट एकच, यापुढें नवी नवशिष्या घ्यावयाची नाहीं. वरवर पाहतां ही अट सौम्य वाटते. पण मठाच्या दृष्टीनें तो देहदंडच होता. नवशिष्येच्या खोल्या रिकाम्या झाल्या, गुरुमातेला शिष्या उरली नाहीं, आणि एकेका वर्षीं एकेक वृद्ध मठवासिनी समाधिस्थ होऊं लागली. १८८५ सालीं शेवटची मठवासिनी वारली. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ तें घर हळूहळू विझत होतें. पूर्वीं बाप मुलीला न विचारतां आंत ढकलीत असत. आतां सरकारनें मुलीला न विचारतां बाहेर अडविलें. ट्रेंटच्या परिषदेनें ज्या दोघांना शाप दिला होता, त्या दोघांचीहि गांठ या एका मठाला पडली.

मठ विझत असतांना कॅथॉलिक स्त्रियांच्या धर्मजीवनाचा प्रवाह दुसऱ्या दिशेनें वाहूं लागला होता. फ्रान्समध्यें १६३३ सालीं व्हिन्सेंट द पॉल व लुईझ द मारियाक यांनीं गरिबांच्या व आजाऱ्यांच्या घरोघर जाणाऱ्या भगिनींचा संघ काढला होता. त्याच वळणाचे संघ एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांत आले. 'जीझस अँड मेरी' संघाच्या भगिनी १८४२ सालीं आग्र्यास पोंचल्या, आणि पुढें मुंबई, पुणें येथें त्यांच्या शाळा निघाल्या. अशा भिंतीबाहेरच्या संघांना पोप तेरावे लिओ यांनीं १९०० सालीं धर्मसंघ म्हणून रीतसर मान्यता दिली. मुंबईजवळ अंधेरी येथें १९४२ सालीं मदर ॲना हुबर्टा यांनीं 'हेल्पर्स ऑफ मेरी' हा संघ स्थापला. आतां देशी मुलगी नुसती सेवेकरीण राहिली नाहीं. ती स्वतः भगिनी झाली आणि पुढें मठाधिपतिहि झाली.

१९६४ सालीं सांता मोनिकाच्या त्याच जुन्या वास्तूंत 'मातेर देई' नांवाची संस्था सुरू झाली. निरनिराळ्या संघांतील धर्मभगिनींना धर्मशास्त्राचें व तत्संबंधीं विषयांचें शिक्षण देणें हा तिचा उद्देश. २००२ सालीं ख्रिस्ती कलेचें संग्रहालयहि राशोलहून याच मठाच्या आवारांत आलें. ज्या घरांत नवशिष्या घेण्यास बंदी झाल्यामुळें घर मेलें, त्या घरांत पुन्हा शिष्यांची पावलें वाजलीं.

शिक्षणाचे नियमहि बदलले आहेत. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें संघांना आपापल्या जीवनरीतीचा नव्यानें विचार करण्यास सांगितलें. १९८३ च्या धर्मविधीप्रमाणें सतरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून नवशिष्या होतां येत नाहीं. नवशिष्यपण निदान बारा महिन्यांचें असलें पाहिजे. त्यानंतर एकदम कायमचें व्रत नाहीं. प्रथम तीन ते सहा वर्षांच्या मुदतीचें व्रत घ्यावयाचें, आणि जरूर तर ही मुदत नऊ वर्षांपर्यंत वाढवितां येते. कायमचें व्रत एकवीस वर्षें पूर्ण झाल्यावरच. जीवनमार्ग निवडण्याच्या कामीं कोणावरहि सक्ति होतां कामा नये, असें त्याच विधींत स्पष्ट म्हटलेलें आहे. सोळाव्या शतकांतील एका वर्षाची उमेदवारी अशा रीतीनें कित्येक वर्षांची झाली. दार लावण्याची घाई जितकी कमी, तितकें आंत राहिलेल्या स्त्रीचें व्रत खरें, हा अनुभव त्यामागें आहे.

हा इतिहास गोव्याचा आणि एका परधर्माचा म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाहीं. ऊसतोडीला सहा सहा महिने घर सोडून जाणाऱ्या कुटुंबांत मुलीचें लग्न लवकर उरकण्याची घाई बीड जिल्ह्यांत आजहि दिसते. २००६ च्या कायद्यानें अठरा वर्षांची मर्यादा घातलेली असूनहि ती दिसते. बापाची अडचण तेथें खरी असते, जशी ती गोव्यांतील बापाचीहि खरी होती. मुलगी मठांत जावो कीं सासरीं जावो, तिला कळण्याइतकें वय होऊं द्यावें, विचार करण्यास वेळ द्यावा, आणि परत फिरण्याची वाट पैशाच्या कारणानें बंद करूं नये, एवढें सांता मोनिकाच्या मठाच्या जुन्या नियमांतून घेण्यासारखें आहे. ट्रेंटच्या परिषदेनें बिशपला जो प्रश्न विचारावयास सांगितला, तो विचारण्यास बिशपच पाहिजे असें नाहीं. तो घरांतील वडील माणसालाहि विचारतां येतो.